आमची वाटचाल : कडी, जाळे आणि नोंदवही

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील भाड्याच्या गाळ्यात माझ्या वडिलांचे दोन लेथ होते आणि कूलरच्या मोटारीचे शाफ्ट व पंपाचे बुश यांच्या कामावर आमचे घर चालत असे. पक्ष्यांशी आमच्या धंद्याचा संबंध आला तो मानेवाड्यातील घराच्या गच्चीवर मी हौसेने पाळलेल्या झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्यांमुळे. पक्षी वाढले तशी कोणता नर कोणत्या जोडीचा, हे ओळखणे अवघड झाले आणि मी बाजारातून पायात घालायच्या कड्या आणल्या.

त्यांतील एका कडीने आमच्या धंद्याची दिशा बदलली. महिनाभराचे एक पिल्लू पाय पोटाशी धरून दांडीवर बसलेले दिसले. भिंगाखाली पाहिले तेव्हा कडीच्या आतल्या काठावर राहिलेल्या धातूच्या कुसळात, ज्याला आम्ही लेथवाले बर म्हणतो, घरट्यातील काथ्याचा तंतू अडकून पायाभोवती आवळला गेला होता. इतवारीतील एका सोनाराकडून बारीक कातर आणून वडिलांनी ती कडी दोन ठिकाणी कापली; पिल्लू वाचले, पण त्याची दोन बोटे गेली. वडील त्या दिवशी एवढेच म्हणाले, "बुशात बर राहिला तर शाफ्ट खराब होतो, इथे तर जिवंत पाय आहे." त्याच आठवड्यात त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळीतून पहिल्या कड्या कापल्या, दोन्ही बाजूंनी आतले काठ गोल केले आणि प्रत्येक कडीतून कापसाचा धागा ओढून पाहिला. धागा अडकला तर कडी बाद, ही चाचणी आमच्याकडे आजही तशीच आहे.

कडी उत्तम असली तरी ती घालणाऱ्या हाताला वेळ साधावी लागते. अखंड कडी, म्हणजे पक्षीपालकांची क्लोज रिंग, पिल्लाला साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान घालतात. झेब्रा फिंचसाठी तिचा आतला व्यास अडीच ते तीन मिलिमीटरच्या आत असतो. पुढची तीन बोटे एकत्र जुळवून त्यांवरून कडी सरकवायची, मागचे बोट पायाला टेकवून कडी त्याच्याही वर न्यायची आणि मग टोक बोथट केलेल्या काडीने ते बोट हलकेच बाहेर काढायचे. घाई केली तर रात्रीतून कडी निघून घरट्यासाठी टांगलेल्या मडक्याच्या तळाशी सापडते. उशीर झाला तर जोर करण्याचा मोह होतो, आणि तो मोह आवरला नाही तर पाय मोडतो. आम्ही हे काम संध्याकाळी करतो, कारण चकचकीत कडी मादीला घरट्यातील कचरा वाटते आणि ती ओढून टाकताना पिल्लूही बाहेर पडते; अंधार पडल्यावर ती पिल्लांवर बसते आणि सकाळपर्यंत कडीवरचे तिचे लक्ष उडते. आमच्या कड्यांना रंग देताना चकाकी मुद्दाम मारलेली असते, तीही याच कारणासाठी.

मोठा पक्षी पकडणे त्याहून नाजूक काम आहे. झेब्रा फिंचचे वजन अवघे 12 ग्रॅमच्या आसपास असते आणि पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसल्यामुळे छातीचे हाड पुढेमागे हलले तरच त्यांना श्वास घेता येतो. म्हणून मूठ आवळायची नाही. पाठ तळहाताला टेकवून मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत राहू द्यायची, छाती मोकळी. आमचे हातजाळे गडद रंगाच्या मऊ कापडाचे असते व त्याच्या तारेच्या कडीवर स्पंजाची जाड पट्टी शिवलेली असते. पकडण्याआधी दांड्या काढून घेतल्या की पाठलाग लांबत नाही. दोन-तीन प्रयत्नांत पक्षी हाती आला नाही आणि चोच उघडी टाकून धापा टाकू लागला, तर त्या दिवशी त्याला सोडून द्यावे, असे मी प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने सांगतो. नागपूरच्या वैशाखात तर आम्ही जाळे हातात घेतच नाही. मडकी एप्रिलच्या सुरुवातीलाच उतरवतो, पक्षीघराला वाळ्याचे तट्टे लावतो आणि पक्ष्यांना विश्रांती देतो.

रंगांच्या बाबतीत एक गोष्ट अभ्यासातून कळली. अमेरिकी संशोधक नॅन्सी बर्ली यांनी 1980 च्या दशकात दाखवले, की झेब्रा फिंचच्या माद्या लाल कडीच्या नरांना अधिक पसंत करतात आणि हिरव्या कडीच्या नरांना टाळतात. पुढे काही संशोधकांना तसा परिणाम आढळला नाही, तरीही जोड्या लावताना सर्व नरांना एकाच रंगाची कडी असावी, ही खबरदारी मला योग्य वाटते.

धंद्यातील सर्वांत कठीण प्रसंग एका ग्राहकाने आणला. त्याच्याकडे पिशवीत झाकलेल्या पिंजऱ्यात लाल मुनियांची जोडी होती आणि ती घरी जन्मलेली वाटावी म्हणून त्याला कड्या हव्या होत्या. मोठ्या पक्ष्याच्या पायात अखंड कडी जात नाही, आणि म्हणूनच ती बंदिस्त जन्माचा पुरावा मानली जाते. त्याला मोठी कडी हवी होती, जी नंतर दाबून बसवता आली असती. मुनिया आपल्या रानातली आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पकडण्यास बंदी आहे, हे सांगून मी नकार दिला. मोठी मागणी गेली; वडिलांनी ऐकून फक्त मान हलवली. त्यानंतर आम्ही प्रत्येक कडीवर क्रमांक व वर्ष कोरून, ती कोणाला दिली याची नोंद ठेवू लागलो. जावा स्पॅरोसारखे पक्षी सायटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये असल्याने ते पाळणाऱ्यांना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरील नोंदणीची माहितीही आम्ही सोबत देतो.

आज गाळ्यात आम्ही चौघे आहोत. कड्या, हातजाळी आणि मागणीनुसार पक्षीघरे, एवढेच करतो; गच्चीवरचे थोडे पक्षीही विकतो. गेल्या आठवड्यात अमरावतीहून एका ग्राहकाने आमच्याकडून नेलेल्या नराच्या कडीचा क्रमांक फोनवर सांगून त्याला मादी मागितली. वही काढली, तर जी मादी मी त्याच्यासाठी वेगळी ठेवली होती ती त्याच मडक्यातली निघाली. त्याला दुसऱ्या जोडीची मादी दिली आणि वहीत दोन्ही क्रमांक शेजारीशेजारी लिहिले.