बॅटरीवर चालणारी गोल करवत वापरताना

वायरचा पसारा नसल्यामुळे ही करवत निरुपद्रवी वाटू लागते आणि माझ्या मते खरा धोका तिथेच असतो. पाते बदलताना किंवा कापाची खोली ठरवताना मी आधी बॅटरी काढून बाजूला ठेवतो. पाते फळीच्या जाडीपेक्षा साधारण 3 ते 6 मिलिमीटरच खाली उतरावे.

करवत झटक्याने मागे उसळते, ती बहुतेक वेळा काप मिटून पाते चिमटले गेल्यामुळे. दोन टोकांवर टेकवलेली फळी मधोमध कापली की ती खाली वाकते आणि काप वरून मिटत जातो. म्हणून कापाच्या दोन्ही बाजूंना जवळच आधार द्यावा किंवा सुटणारा तुकडा मोकळेपणी खाली पडेल अशी मांडणी करावी, आणि स्वतः पात्याच्या रेषेत न राहता बाजूला उभे राहावे. (मी हे एकदाच विसरलो, फळीवरची खूण अजून तशीच आहे.)

अचूकतेसाठी सरळ पट्टी क्लॅम्पने आवळून करवतीचा तळ तिच्या कडेने सरकवावा, आणि पात्याची जाडी रेषेच्या टाकाऊ बाजूला जाऊ द्यावी. दात खालून वर कापत असल्याने ढलप्या वरच्या पृष्ठभागावर उडतात. त्यामुळे फळीची देखणी बाजू खाली ठेवावी.