दिसलं, दिसलं

परवा दुपारी वीज गेली आणि आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घराची मधली खोली, जी एरवीही भर दुपारी अंधारीच असते, पार काळी झाली. मांडणीवरच्या डब्यांमागे बॅटरी चाचपडताना हाताला लागली ती नेमकी काचेवर लाल जिलेटीनचा कागद रबराने आवळून बसवलेली. तिच्या तांबूस उजेडात मोहरी कोणती आणि नाचणी कोणती हे कळेना, तेव्हा डबे तसेच ठेवून मी पायरीवर येऊन बसले.

ही बॅटरी आकाशदर्शनाची. अर्धा तास अंधारात उभे राहून कमावलेली नजर पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने जाते आणि लाल उजेड तिला फारसा धक्का लावत नाही, म्हणून हा कागद. मी तशी शांत बाई आहे. पण दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या माणसाने मोबाइल पेटवला की माझ्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात, ते शाळेच्या मैदानात उच्चारण्यासारखे नसतात.

आमच्याकडे जूनपासून चार महिने आभाळ मिटलेलेच असते, त्यामुळे हे कार्यक्रम दिवाळीनंतर सुरू होतात आणि शिमग्यापर्यंत चालतात. बेळगावातून आता कृत्तिकासुद्धा धड मोजता येत नाहीत, म्हणून दुर्बीण गाडीत घालून खानापूर तालुक्यातले एखादे गाव गाठायचे. आधी शाळेच्या वर्गात थोडे भाषण, निम्मे मराठीत आणि निम्मे कानडीत; मग मैदान. तिथे ध्रुवतारा दाखवला की हमखास हिरमोड होतो. तो डोक्यावर असणार अशी सगळ्यांची समजूत; पण ध्रुवाची उंची म्हणजे त्या गावचा अक्षांश, आणि आम्ही जेमतेम 16 अंशांवर. हात लांब करून धरलेली मूठ 10 अंशांची मानली, तर क्षितिजापासून दीड मूठ वर, बहुतेक वेळा कुणाच्या तरी चिंचेच्या आड, हे अढळपद. एका आजोबांनी ते निरखून पाहिले आणि म्हणाले, "एवढा हट्ट करून पोराला जागा मिळाली ती ही काय!" त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

खरे सांगायचे तर मला या कार्यक्रमांत आकाशापेक्षा रांग ऐकायला आवडते. माणूस दुर्बिणीला डोळा लावतो, एक डोळा हाताने दाबून धरतो, श्वास रोखतो, आणि चार-पाच सेकंदांत म्हणतो, "दिसलं, दिसलं." या दोन शब्दांवर माझा मुळीच विश्वास नाही, आणि त्याचे कारण मी स्वतः आहे.

1986 च्या मार्चमध्ये, परीक्षा तोंडावर असताना, वडील मला पहाटे चारला उठवून हॅलेचा धूमकेतू दाखवायला शाळेच्या गच्चीवर घेऊन गेले होते. फेब्रुवारीत सूर्याला वळसा घालून तो तेव्हा पहाटेच्या आकाशात आग्नेयेला येत असे. मी दहा वर्षांची. स्वेटरवर आईची शाल, कानाला मफलर, आणि डोळ्यांपुढे चित्रांतला तो पिसारा पसरलेला धूमकेतू. गुरुजींची दुर्बीण लहानशी होती. माझी पाळी आली तेव्हा मला एक करडा गोल दिसला, त्यात काही नव्हते, आणि कडेला माझ्याच पापण्या होत्या. मागे चाळीस मुले कुडकुडत होती, वडील शेजारी वाकून उभे होते. मी म्हटले, "दिसला." वडिलांनी विचारले, "शेपूट?" मी म्हटले, "लांब आहे." घरी येताना त्यांनी मला हॉटेलात बसवून गरम शिरा खाऊ घातला. तो धूमकेतू साधारण 75-76 वर्षांनी येतो. 2061 साली मी 85 वर्षांची असेन आणि मोतीबिंदूची सबब तरी खरी असेल.

2025 च्या जानेवारीत अशाच एका मैदानात मी सहा इंची दुर्बिणीपाशी होते. पश्चिमेला शुक्र इतका ठसठशीत होता, की त्याच्यासाठी दुर्बीण नकोच. कुणी त्याला शुक्राची चांदणी म्हणत होते, कुणी बेळ्ळी चुक्की. गुरू रोहिणीच्या जवळ होता. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत पाहिलेले त्याचे चार चंद्र मी मोठ्या आवाजात जाहीर केले, दुर्बीण नेमकी लावली, आणि रांग सुरू झाली. एक काकी, त्यांच्या दोन सुना, दूध डेअरीचे सेक्रेटरी, कानडी शाळेचे मास्तर. सगळ्यांना दिसले, चारही दिसले. मग आठेक वर्षांची एक मुलगी स्टुलावर चढली, बराच वेळ डोळा लावून राहिली आणि म्हणाली, "ओ मावशी, काळंच दिसालंय की."

मी वाकून पाहिले. काळेच होते. आमच्या दुर्बिणीला मोटर नाही आणि पृथ्वी कुणासाठी थांबत नाही. आकाश तासाला 15 अंश सरकते, म्हणजे भिंगातल्या अर्ध्या अंशाच्या गोलातून गुरू दोन मिनिटांत पार निघून जातो. मी मास्तरांकडे पाहिले. ते व्याधाच्या ताऱ्याकडे पाहत होते.

हाताने नळी सरकवून गुरू पुन्हा मधोमध आणला आणि मुलीला म्हटले, आता बघ, चार ठिपके. तिने बोट हवेत धरून मोजले. मागची रांग चुळबुळू लागली, कुणीतरी "लवकर गं" म्हणाले, तरी ती स्टुलावरून उतरेना.

"तीनच आहेत," ती म्हणाली.

चौथा गुरूच्या मागे किंवा पुढे गेला असला, तर असे होते. ते आधी बघून ठेवणे माझे काम होते. मी डोळा लावून दोनदा मोजले. तीनच होते.