बोअर आटली त्या दिवशी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू होता. यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो. सकाळीच मामाजींचा फोन आला, "म्याडम, बोअर हवा मारून रायली." आमच्या वन्यप्राणी बचाव केंद्रातले हे सर्वांत जुने प्राणीरक्षक, सगळे त्यांना मामाजीच म्हणतात. काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून येतं. भेग आटली की संपलं. टँकर संध्याकाळशिवाय मिळणार नव्हता.

वरची टाकी निम्मी होती. बिबट्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. त्यामुळे दुपारी कूलर चालायलाच हवे होते.

अस्वलांच्या हौदातलं पाणी आम्ही नाल्यात सोडत नाही. आधी गाळ बसू देतो, मग कर्दळ लावलेल्या खडी-रेतीच्या वाफ्यातून नेतो. मुळांशी वाढणारे जिवाणू घाण कुजवतात, त्यातलं नत्र कर्दळ ओढून घेते. खालच्या टाकीत येणारं पाणी नितळ असतं, वासही मारत नाही. मामाजी म्हणाले, "हेच टाकू ना कूलरमंदी. चांगलं तर दिसून रायलं."

"नाही मामाजी, हे नाही चालणार." कूलर हवेबरोबर बारीक तुषार फेकतो, ते थेट फुप्फुसात जातात. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असू शकतात. पाणी वाचवायचं म्हणून कोंडलेल्या जनावराला धोक्यात घालायचा हक्क आपल्याला नाही, असं मला मनापासून वाटतं.

मग वाटणी केली. वरच्या टाकीचं पाणी फक्त पिण्याला आणि कूलरला. कर्दळीच्या वाफ्याचं पाणी बांबूंना आणि टिनाच्या छपरांवर अंथरलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांवर (वाळलेल्या काड्यांवर). सफाईला पाइप बंद. खराटा आणि फावडं. चितळांच्या लेंड्या खतखड्ड्यात, बिबट्याची विष्ठा वेगळ्या बंद खड्ड्यात. तिच्यात जंतांची अंडी असू शकतात, आणि आमचं खत नेपियर गवताला जातं, जे चितळंच खातात. इथे घाईतही सूट नाही.

दुपारभर मी बिबट्याचे श्वास मोजत बसले. चारनंतर धाप उतरली. टँकर अंधार पडल्यावर आला.

आता छपरांवरचं पावसाचं पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात वळवतोय. नव्या पिंजऱ्यांच्या आराखड्यात मी एक बदल मागितला आहे: कूलरमधून सांडणाऱ्या पाण्याचा आणि धुण्याच्या पाण्याचा पाइप पहिल्यापासूनच वेगवेगळा हवा.