वळणात उडणारी स्विफ्ट

गाडी वळणात नीट चालावी म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या पोरांची मागणी ठरलेली असते: "काका, सस्पेन्शन कडक करून द्या." रेसची गाडी कडक असते, म्हणजे कडक गाडी वळणात चांगली, असा त्यांचा हिशोब. त्या दिवशी स्विफ्ट घेऊन आलेल्या मुलाचंही तेच म्हणणं होतं. पण त्याची गाडी आधीच दुसरीकडे खाली बसवून, कडक करून झाली होती. आणि त्याच गाडीने आंबा घाटात त्याला समोरच्या लेनमध्ये फेकलं होतं.

गाडी पहिल्या पिढीची, पेट्रोल. 2005 साली ही स्विफ्ट आपल्याकडे आली तेव्हा तिच्या वळणातल्या पकडीचं कौतुक झालं होतं आणि ते योग्यच होतं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात; मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी, पिळ घेणारी आडवी तुळई. रचना साधी, पण मापं एकमेकांशी जुळवलेली. ही गाडी घाटात उडते म्हटल्यावर कुणीतरी ती मापं बिघडवली असणार, हे ऐकतानाच लक्षात आलं.

"काय झालं ते सावकाश सांग," मी म्हटलं.

मुलगा औषधं विकायचं काम करतो, रत्नागिरीला सारखं जाणं-येणं. डावं वळण होतं, गाडी झकास वळत होती. मध्येच रस्त्याला चर लागली, पुढून धाडकन आवाज आला आणि गाडी उजवीकडे सरकत गेली. "स्टिअरिंग फिरवलेलंच होतं काका, पण गाडी ऐकंचना. समोरून ट्रक असता तर..." पुढचं तो बोलला नाही.

आधी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. शॉकअप धड असेल तर गाडी एकदा वर येऊन थांबते. ही दोन-तीनदा डोलली. मग गाडी वर उचलली, पुढची चाकं लोंबकळली, आणि आमचा पोरगा आतूनच ओरडला, "काका, स्प्रिंग हातानं फिरतीया!"

मी वाकून बघितलं. खरंच, बोटांनी धरून स्प्रिंग फिरवता येत होती. वरच्या वाटीत तिचं टोक बसलेलंच नव्हतं. टोकावर ग्राइंडरचा तिरका काप दिसत होता, त्यावर गंज चढलेला. कंपनीचीच स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली होती. चाक मोकळं सोडलं तरी स्प्रिंगवर थोडा दाब राहिलाच पाहिजे, नाहीतर उंचवट्यावरून चाक खाली लोंबल्यावर स्प्रिंग जागा सोडते आणि परत बसताना वेडीवाकडी बसते. हे बघून माझ्या पोटात गोळा आला. अशा गाडीतून हा मुलगा घाट उतरत होता.

स्प्रिंग कापली की दोन गोष्टी होतात. गाडी खाली येते हे सगळ्यांना दिसतं. उरलेली स्प्रिंग कडक होते हे कमी जणांना ठाऊक असतं. काम करणारे 6 वेढे असतील आणि त्यातला 1 कापला, तर कडकपणा 20 टक्क्यांनी वाढतो. तारेची जाडी तर याहून तिखट: तार 10 टक्के जाड घेतली, बाकी माप तेच ठेवलं, तरी स्प्रिंग 46 टक्के कडक होते. म्हणून "थोडी जाड टाका" हा शब्द मला चालत नाही. पण शॉकअप मात्र जुनाच. तो मूळ स्प्रिंगसाठी बनवलेला. स्प्रिंग दाबली गेल्यावर उसळून परत येते, ती उसळी शॉकअपमधलं तेल बारीक झडपांतून जाताना खाऊन टाकतं. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला, तर उसळी आवरायला कुणी उरत नाही. त्यात याच्या पुढच्या डाव्या शॉकअपचं सील गेलेलं, अंगावर तेल आणि मातीचा थर.

खरा प्रकार मात्र गाडी जमिनीवर ठेवल्यावर कळला. स्ट्रटचा रबरी बूट वर सरकवला. आत बंप स्टॉप, म्हणजे शॉकअप पूर्ण दबला तर धातूवर धातू आदळू नये म्हणून असलेला रबर, अर्धा चुरा झालेला. आणि त्याच्या खाली उरलेली जागा एका बोटाची. मी त्या मुलाला हात घालायला लावला. "वळणात बाहेरच्या बाजूला वजन गेलं की ही बोटभर जागा संपते. मग चर आली. चाकाला वर जायला वाव कुठाय? त्या घटकेला तुझ्या गाडीला तिकडे स्प्रिंग नव्हतीच. टायर रस्ता धरायचा सोडून उडाला आणि गाडी सरळ निघाली."

तो बराच वेळ त्या रबराकडे बघत राहिला.

मग त्याला खाली घेऊन लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा, दाखवला. मूळ उंचीवर हा आर्म चाकाकडे जरा उतरता असतो. याचा उलटा, चाकाकडे चढता झालेला. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी फार खाली आणली की नेमकं हेच होतं: गाडी ज्या अक्षाभोवती कलते तो रोल सेंटर गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूपेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे कलायला तरफ लांब मिळते. शिवाय वळणात बाहेरचं चाक दबताना वरून बाहेर झुकायला लागतं आणि टायर कडेवर येतो. गाडी खाली आणली की कमी कलते, हे जरा खाली आणेपर्यंत खरं. त्यापुढे या रचनेत खाली आणून मिळवलेलं सगळं परत जातं.

त्याला कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड, हवे होते. कॉइलओव्हरला मी नावं ठेवत नाही. मापात बसवले आणि स्प्रिंगशी झडपा जुळवलेल्या असल्या तर उत्तम चीज आहे. पण आपल्या घाटात चर, खड्डे, पावसाळ्यात खचलेली कड, हे सगळं वळणातच भेटतं. तिथे चाकाला वर-खाली जायला जागा हवी. मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे, तेही सांगितलं. मी म्हटलं, "आधी गाडी नवी होती तशी करू. तिच्यावर बसून बघ. मग ठरव."

काम ठरलं: मूळ उंचीच्या नव्या स्प्रिंगा, चारही शॉकअप गॅसचे, नवे बंप स्टॉप, वरची माउंटिंग आणि बेअरिंग, लोअर आर्मचे बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातले रबर. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाने भरलेला असतो, त्यामुळे सततच्या धक्क्यांत तेलाला फेस येत नाही आणि घाट संपेपर्यंत शॉकअप एकसारखा काम करतो. पैसे घालायचे तर इथे घालावेत असं माझं ठाम मत आहे. पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरापेक्षा कडक बुश त्याने विचारले; रोजच्या गाडीत त्यांचा आवाज आणि हादरा केबिनपर्यंत येतो, म्हणून रबरीच घेतले.

बुश टाकताना एक गोष्ट मी कुणावर सोडत नाही. गाडी वर असताना, चाकं लोंबत असताना आर्मचे बोल्ट कधीही पक्के आवळायचे नाहीत. नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसू द्यायची आणि मग टॉर्क पान्याने आवळायचे. वरच आवळले तर गाडी उतरल्यावर बुशचं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. याचे जुने बुश असेच फाटले होते, एका बाजूने तिरकी चीर. आर्म टॉमीने हलवला की चाक पुढे-मागे सरकत होतं. अशा चाकाचं अलाइनमेंट करून काय उपयोग?

टायर आतल्या कडेला तारेपर्यंत झिजलेले. 16 इंची रिम काढून मूळ मापाचे 14 इंची रिम आणि नवे टायर घातले. ते त्याला जिवावर आलं, पण टायरची भिंत उंच असली की चरीचा पहिला मार तीच घेते. शेवटी अलाइनमेंट. मागे टॉर्शन बीम असल्याने तिथे फिरवण्यासारखं काही नसतं, पण आकडे बघितले. बीम वाकलेला नव्हता, नशीब.

संध्याकाळी केर्लीवरून वाघबीळ चढून पन्हाळ्याकडे गेलो. तो चालवत होता, मी बाजूला. एका वळणात डांबर उखडलेलं आहे, ते मला ठाऊक होतं. मी काही बोललो नाही. त्याला ते दिसलं आणि त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी वाकली, उखडलेल्या जागेवरून गेली, एकदा दबली, वर आली आणि थांबली. स्टिअरिंग जिथे होतं तिथेच. त्याने पुढे गाडी बाजूला घेतली. "गाडी मऊ झालीय काका," तो म्हणाला, "आणि तरी जास्त धरते." वळताना ती आधीपेक्षा थोडी जास्त कलत होती, हेही त्याने बरोबर ओळखलं. हाताला असं कळणं ही मोठी गोष्ट आहे.

उतरताना त्याने मागे जाड अँटी रोल बार, म्हणजे गाडीचं कलणं आवरणारा आडवा दांडा, घालायचं काढलं, पुढचं टोक अजून चटकन वळेल म्हणून. वळेल, यात शंका नाही. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची मागची बाजू कडक केली की ओल्या रस्त्यावर वळणात घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तर शेपूट बाहेर येतं. आंबा घाटात पाऊस कसा पडतो हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. "हा पावसाळा याच सेटिंगवर काढ," मी म्हटलं, "थोडी चालली की स्प्रिंगा-बुश बसतील, तेव्हा अलाइनमेंट परत बघायला ये. बारचं दिवाळीनंतर बोलू." त्याने मान डोलावली आणि दुसरा गिअर टाकला.