दोन तारे

जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचा ‘टाइम आउट’ हा अल्बम 1959 साली आला आणि पुढच्याच वर्षी ‘डाउन बीट’ या अमेरिकन मासिकानं त्याला पाचांपैकी दोन तारे दिले. मी तारे आधी वाचले, संगीत नंतर ऐकलं. तिथेच चुकलं.

पहिल्यांदा ऐकताना मी दोषच वेचत बसलो. ब्रुबेकचे हात जड आहेत, त्याला स्विंग, म्हणजे जॅझच्या लयीतला तो झोका, नाही, असं समीक्षक कितीतरी आधीपासून म्हणत होते. मलाही ते लगेच पटलं. (स्विंग म्हणजे नेमकं काय, ते मला धड सांगता यायचं नाही. पण इथे तो नाही, एवढं मी छातीठोकपणे ठरवून टाकलं.)

पंचाईत झाली ती ‘टेक फाइव्ह’पाशी. पाच मात्रांची ही रचना सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंडची. ज्याच्या जड हातांबद्दल एवढं वाचलं, तो इथे एकल वाजवतच नाही! दोन कॉर्डांची, म्हणजे सुरांच्या दोन गुच्छांची, तीच ती जोडी बहुतेक सगळा वेळ वाजवत राहतो. जो मोरेलोचे ड्रम्स पाचाचा हिशेब विस्कटून टाकतात, मध्येच गप्प होतात, बोटांवर मोजता मोजता मी चुकतो आणि पियानो मला पुन्हा जागेवर आणून बसवतो. हलक्या हाताला हे जमलं असतं का, कोण जाणे.

1961 मध्ये हा अल्बम अमेरिकेच्या पॉप यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचला. पण समीक्षकांची कुरकुर अगदीच निराधार म्हणवत नाही. 1954 साली ‘टाइम’ साप्ताहिकानं ड्यूक एलिंग्टन या थोर कृष्णवर्णीय जॅझ संगीतकाराच्या आधी या गोऱ्या पियानोवादकाला मुखपृष्ठावर घेतलं होतं. तो अंक दाखवायला खुद्द एलिंग्टन दारात आला, तेव्हा ब्रुबेकला आनंदापेक्षा ओशाळल्यासारखंच झालं. ‘टाइम आउट’च्या दोन ताऱ्यांत असला जुना हिशेबही थोडा मिसळला असेल, असा माझा आपला संशय.

याच अल्बममधलं ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ अजूनही ऐकतो. दोन-दोन-दोन-तीन अशी नऊ मात्रांची पळापळ मला फार आवडते. मग ते साध्या चार मात्रांच्या ब्लूजवर येतात, पियानोची पाळी येते, आणि हात जरा जडच वाटतात. आता हे माझं मत, की त्या मासिकातलं?