‘नाही’ लिहिण्याआधी

पॅथॉलॉजीत ‘आहे’ लिहिणं सोपं. कॅन्सरच्या पेशी दिसल्या, जंत दिसला, लिहून मोकळं. ‘नाही’ लिहायचं तर आपण पुरेसं शोधलंय का, हा प्रश्न सही होईपर्यंत पाठ सोडत नाही.

जुलै महिना, मासेमारीची बंदी. मिरकरवाड्याला ट्रॉलरवर काम करणारा एक तरुण बाप भिजत आमच्या रत्नागिरीच्या लॅबमध्ये आला. हातात फॉर्मालिनची बाटली, तळाशी तांदळाच्या दाण्याएवढे दोन तुकडे. दोन महिन्यांचा मुलगा. जन्मानंतरची पहिली काळी शी एरवी दोन दिवसांत होते, याला तिसराही दिवस उलटला होता. तेव्हापासून पोट टम्म. सर्जननी चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं : ‘हर्शस्प्रंग? गँग्लियॉन पेशी पाहाव्यात.’ हर्शस्प्रंग हा आतड्याचा जन्मजात आजार; गँग्लियॉन पेशी म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी.

आतड्याच्या भिंतीत सगळ्यात आत म्युकोसा. मोठ्या आतड्यात त्यात चिकट स्राव करणाऱ्या गॉब्लेट पेशींनी भरलेल्या सरळ नळ्या ओळीने उभ्या असतात. त्याखाली सैलसर सबम्युकोसा, मग स्नायूंचे दोन थर, आतला गोलाकार आणि बाहेरचा उभा. या दोन थरांच्या मध्ये ऑरबाखचं आणि सबम्युकोसात माइसनरचं, अशी नसांची दोन जाळी. त्यांतल्या गँग्लियॉन पेशी नसतील तर तेवढा भाग आकसलेलाच राहतो, सैल पडत नाही. शी मागे साठते आणि वरचं आतडं फुगतं. हर्शस्प्रंग या डॉक्टरांनी 1886 मध्ये अशी दोन बाळं नोंदवली, तेव्हा त्यांचं लक्ष त्या फुगलेल्या भागावरच होतं. आजारी असतं ते खालचं, दिसायला साधं टोक. हे पक्कं व्हायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं.

मी आधी सर्जनना फोन केला : तुकडा किती उंचीवरून घेतलाय? गुदद्वाराच्या लगेच वरच्या पट्ट्यात या पेशी निरोगी बाळातही विरळ असतात; तिथला तुकडा असता तर माझ्या ‘नाही’ला काही अर्थच उरला नसता. उंची योग्य होती. सबम्युकोसाही भरपूर आला होता, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी टेक्निशियनने ब्लॉक, म्हणजे तुकडे बसवलेला मेणाचा ठोकळा, कापायला घेतला. पावसाळ्यात मेणाची पट्टी सुरकुततेच, त्यात लाइट जात-येत होती. एकामागून एक स्लाइड येत राहिली. मोठ्यांमध्ये गँग्लियॉन पेशी लपत नाही : ऐसपैस देह, बाजूला सरकलेलं गोल केंद्रक, त्यात ठळक केंद्रिका. तान्ह्या बाळात ती अपक्व, लहानखुरी. रक्तवाहिनीच्या अस्तराची एखादी फुगीर पेशीही तिच्यासारखी दिसते. अशा एका पेशीने मला बराच वेळ अडकवलं. पुढच्या कापात तिच्या शेजारी वाहिनीची पोकळी उघडली आणि शंका मिटली.

“काय गावलं काय, मॅडम?” टेक्निशियनने विचारलं. गावले होते ते फक्त जाडजूड झालेले नसांचे तंतू. पेशी एकही नाही.

तरी मी सही केली नाही. ब्लॉक कॅलरेटिनिन हे प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या स्टेनसाठी मुंबईला पाठवला. निरोगी आतड्यात या स्टेनने म्युकोसातले बारीक तंतू तपकिरी दिसतात. इथे तंतू कोरे. एरवीही हा रंग घेणाऱ्या मास्ट पेशींनी मात्र तो घेतला होता, म्हणजे स्टेन बिघडलेला नव्हता. मग लिहिलं : ‘तपासलेल्या सर्व कापांत गँग्लियॉन पेशी आढळल्या नाहीत.’

रिपोर्ट न्यायला बापच आला. सर्जन पुढचं सांगणारच होते, पण त्याचा प्रश्न वेगळा होता. “आये म्हणते, हिनं पोटुशी असताना कुर्ल्या खाल्ल्या, म्हणून झालं.”

त्याला सांगितलं, या पेशी गर्भाच्या मानेकडच्या भागातून निघून अन्ननलिकेपासून खाली सरकत जातात आणि साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत शेवटच्या टोकाला पोचतात. याच्या वाटेतच थांबल्या, म्हणून शेवटचं टोक रिकामं. कुर्ल्यांचा काही संबंध नाही.

त्याने लगेच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “हे तुम्हीच सांगा. माझं ऐकायची नाय.”

आजीने सगळं ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाली, “मग ऑपरेशनात काय करतात?”

“पेशी नसलेला भाग काढतात आणि वरचं चांगलं आतडं खाली ओढून जोडतात, काकी.”

“आणि चांगलं कुठून सुरू होतं, ते त्यांना कसं कळणार?”

ऑपरेशन चालू असतानाच तुकडे काढून, गोठवून, तिथल्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. तिने बरोबर तोच प्रश्न विचारला होता.