गुलागमधल्या पावाचा हिशेब

सातारा-सांगलीकडं राजकीय कैद्याचा विषय निघाला की बोलणं १९४२ च्या चळवळीवर जातं. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक असतं. राजबंदी म्हणजे तुरुंगातही मान असलेला माणूस, हे आपल्या मनात पक्कं बसलंय. गुलागमध्ये, म्हणजे स्टालिनच्या सोव्हिएत श्रमछावण्यांत, नेमकं उलटं होतं. कलम ५८ खाली, म्हणजे राजकीय गुन्ह्यासाठी, आलेला कैदी चोर-दरोडेखोरांच्याही खालचा धरला जाई. सरकारच्या लेखी चोर ‘समाजाच्या जवळचे’, म्हणून स्वयंपाकघर, गोदाम, पाव कापायची खोली बहुतेक त्यांच्या ताब्यात. ५८ वाल्यांच्या वाट्याला खाण आणि जंगलतोड.

या छावण्यांतली भूक समजून घ्यायची तर पावाचा हिशेब बघावा लागतो. पाव कामाच्या कोट्यावर मिळे. ही पद्धत नफ्ताली फ्रेंकेल या माणसाच्या नावाशी जोडली जाते. तो स्वतः सोलोव्हकी बेटांवरच्या छावणीत कैदी म्हणून आला आणि पुढं अधिकारी झाला. कोटा पुरा झाला नाही तर दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम, पुरा झाला तर ६००-७००, त्याहून जास्त काम केलं तर ८०० ते १०००. आकडे छावणीगणिक आणि वर्षागणिक बदलत, पायऱ्या मात्र सगळीकडं होत्या. सोबत ‘बलांदा’, म्हणजे कोबीची पानं नाहीतर माशाचे काटे तरंगणारं पाणी.

पाव ‘राय’ या धान्याचा, मुद्दाम ओलसर ठेवलेला, म्हणजे वजन भरतं. अशा ७०० ग्रॅममधून फार तर दीड हजार कॅलरी मिळतात. थंडीत दहा-बारा तास झाडं तोडणाऱ्याला साडेतीन-चार हजार तरी लागतात. जास्तीच्या २००-३०० ग्रॅमसाठी माणूस जेवढी ताकद घालवी, तेवढी त्या तुकड्यातून परत येत नसे. म्हणून जुने कैदी सांगत, छोटा शिधा मारत नाही, मोठा मारतो. धिप्पाड शेतकरी आधी कोसळत, कारण शिधा अंगापिंडाप्रमाणं ठरत नव्हता. सकाळी कडेचा तुकडा मिळावा म्हणून धडपड चाले, कारण त्यात पाणी कमी. वजन पुरं करायला वर छोटा तुकडा ठेवून तो लाकडाच्या काडीनं टोचलेला असे.

आणखी क्रूर गोष्ट म्हणजे कोटा बहुतेक वेळा टोळीचा मोजला जाई. आपल्याकडच्या ऊसतोडीसारखीच टोळी आणि मुकादम. फरक असा की छावणीत एक जण थकला की सगळ्यांचा पाव कमी होई. त्यामुळं पहारेकऱ्याला ओरडायची गरजच उरत नसे, कैदीच कैद्याला हाणत. चांगला मुकादम खोटी नोंद करून माणसं जगवी. तोडलेल्या ओंडक्याचा शिक्का मारलेला शेवट कापून टाकायचा आणि तोच ओंडका पुन्हा मोजायला द्यायचा, ही ठरलेली युक्ती. या खोटेपणाला ‘तुफ्ता’ म्हणत. त्यावर कितीतरी जीव तगले, म्हणून मला तो अपराध वाटत नाही.

उपासमारीबरोबर स्कर्व्ही आणि पेलाग्रा येत. सैबेरियाच्या ईशान्य टोकाच्या कोलिमात स्कर्व्हीवर बुटक्या पाइनच्या सुयांचा कडू काढा सक्तीनं पाजत, पण तो इतका वेळ उकळत की त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं जळून जाई. पेलाग्रात हाताची कातडी सोलून निघते, जुलाब थांबत नाहीत, मग भ्रम होतो. (दख्खनवर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हाच आजार दिसायचा, हैदराबादला डॉ. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला.) पाय गमावण्याचं कारण पुष्कळदा फक्त ओलं फडकं. मोज्यांऐवजी पायाला गुंडाळलेली फडकी आणि नमद्याचे बूट रात्रीत वाळले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी बोटं गोठत. १९४२ साली युद्धात शिधा आणखी तुटला आणि श्रमछावण्यांतले जवळपास चौथा हिस्सा कैदी त्या एका वर्षात मेले.

आपल्या जिल्ह्यांत लाल बावट्याला मान आहे. क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचेच खासदार झाले. तो मान ठेवूनच हे सांगायला हवं, कारण मारले गेलेल्यांत आपलेही होते. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि अबनी मुखर्जी, दोघेही कम्युनिस्ट, दोघांनाही १९३७ ला गोळ्या घातल्या. अशांच्या घरी कित्येकदा कळवलं जाई ते ‘दहा वर्षं, पत्रव्यवहार बंद’ एवढंच.

१९४८ पासूनच्या खास छावण्यांत कपड्यावर नंबर, रात्री बराकीला कुलूप, वर्षाला दोन पत्रं. १९५३ ला नोरिल्स्क आणि व्होर्कुता इथं संप झाले, १९५४ ला केंगिरच्या छावणीत ४० दिवस बंड चाललं, तेव्हा मागण्या याच होत्या: नंबर काढा, कुलपं काढा, कामाचे तास कमी करा, पत्रं लिहू द्या. कुलपं आणि नंबर गेले. शिध्याची शिक्षा मात्र राहिली. पुढं सत्तर-ऐंशीच्या दशकात शिक्षाकोठडीत १५ दिवस टाकत. गरम जेवण दिवसाआड, मधल्या दिवशी ४५० ग्रॅम पाव, मीठ आणि पाणी. युक्रेनी कवी वासिल स्तुस १९८५ ला पेर्म-३६ या छावणीतल्या अशाच कोठडीत मरण पावला. सरकारविरोधी लेखक अनातोली मार्चेन्कोनं सगळ्या राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी उपोषण केलं आणि डिसेंबर १९८६ मध्ये चिस्तोपोलच्या तुरुंगातून त्याला मृत्यूनंच बाहेर काढलं. सुटका १९८७ च्या सुरुवातीला सुरू झाली.